टोळी निघण्याआधी

यंत्र गावात येण्याआधी त्याची यादी आली आणि ती भरायचं काम नेहमीप्रमाणे द्वारकाच्या गळ्यात पडलं. घाटबोरीची आशाताई म्हणून तिला वीसएक वर्षं होत आली होती. पोलिओच्या डोसापासून भटक्या कुत्र्यांच्या मोजणीपर्यंत जिल्ह्याला कसलीही यादी हवी असली की द्वारकाच आठवे, आणि द्वारकाही साहेबलोकांना मनातल्या मनात दोन शिव्या हासडून मगच टॅब उघडत असे. एकदा उघडला की मात्र काम चोख. तिच्या यादीत चूक सापडत नाही असं तालुक्याला सगळे म्हणत, आणि तिला ते ऐकायला आवडे.

ही यादी तीस ते साठ वयाच्या बायकांची होती. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची तपासणी करायची होती. गावात अशा दोनशे एकतीस बायका निघाल्या. त्यांतल्या चौऱ्याऐंशी जणींच्या नावापुढे द्वारकानं फुली मारली आणि शेरा लिहिला, ‘पिशवी काढली. गरज नाही.’

बाहेरच्या माणसाला हे जरा समजावून सांगायला हवं. बीड जिल्ह्याच्या या डोंगरपट्ट्यातलं निम्मं गाव पूर्वी दिवाळी झाली की ऊसतोडीला निघून जायचं. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणत. बाई पाळीत आडवी झाली की कोयता अर्धा पडे, आणि अर्धा कोयता कोणालाच नको असे. मग दोन-तीन लेकरं झाली की पंचविशी-तिशीतल्या बाया तालुक्याला जाऊन पिशवीच काढून येत. ‘ठेवलीत तर कॅन्सर होईल’ अशी भीती घालणारे डॉक्टरही भेटत. आता दोन हजार पस्तीस साल उजाडलं होतं. ऊस यंत्रं तोडत होती, कोयते आढ्याला गंजत होते आणि त्या बाया पंचेचाळिशीतच कमरेवर हात ठेवून चालत होत्या. पण एक गोष्ट गावात सगळ्यांच्या डोक्यात पक्की होती. पिशवीच नाही, तर पिशवीचा रोग कुठून होणार? द्वारकाच्याही डोक्यात ती तशीच बसलेली होती. तिनं ती कधी तपासून पाहिली नव्हती.

एकेचाळिसावी फुली अयोध्याच्या नावापुढे पडली.

अयोध्या तिची धाकटी जाऊ. एकाच अंगणात दोघींची घरं. द्वारका दहावी झालेली म्हणून गावात राहिली. अयोध्या आणि तिचा नवरा ग्यानोबा बारा हंगाम तोडीला गेले. त्यांची लेक शीतल वर्षातले सहा महिने द्वारकाच्याच चुलीपाशी वाढली. द्वारकाला मूलबाळ नव्हतं, नवराही लवकर गेलेला. तिचं म्हणून जे काही होतं ते त्या अंगणातच होतं.

होळीच्या सुमारास यंत्र आलं. दिसायला जेवणाच्या डब्याएवढं. बोटातून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, अकरा मिनिटं थांबायचं. हिरवा दिवा लागला तर घरी जा, पिवळा लागला तर जिल्ह्याला चला.

आत काय चालतं ते प्रशिक्षणात सांगितलं होतं आणि द्वारकानं ते मन लावून ऐकलं होतं. या रोगाच्या मुळाशी एक विषाणू असतो. बहुतेकींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्या जात नाही. तो पेशीत ठाण मांडतो आणि तिच्याकडून ई-सहा आणि ई-सात नावाची दोन प्रथिनं बनवून घेतो. पेशीत एक राखणदार प्रथिन असतं. जनुकांत बिघाड झाला की ते पेशीला थांबवतं, सुधारलीच नाही तर मरायला लावतं. ई-सहा या राखणदाराचाच काटा काढतं आणि ई-सात वाढीचा ब्रेक निकामी करतं. गाठ होते ती अशी. पण गाठ जागच्या जागी असली तर ती कापून टाकता येते. माणूस दगावतं ते तिच्या प्रवासामुळे. निरोगी पेशी कॅडहेरिन नावाच्या एका डिंकानं एकमेकींना चिकटून असतात. तो डिंक बनणं थांबलं की पेशी सुट्या होतात, वाटेतलं अस्तर विरघळवत सरकतात आणि लसिकावाहिन्यांत शिरतात. आणि निघण्याच्या आधी गाठ एक काम करते. ती अतिसूक्ष्म पुड्या सोडते. त्या पुड्यांतले निरोप दूरच्या लसिकाग्रंथींना मिळतात आणि तिथं येणाऱ्यांसाठी आधीच जागा तयार होऊ लागते. यंत्र रक्तातल्या या पुड्या मोजत होतं.

हे सगळं समाजमंदिरात बायकांना सांगायचं म्हणजे कठीण होतं. पण डॉक्टरांचं बोलणं बायकांच्या बोलण्यात ओतणं हेच तर द्वारकाचं खरं काम होतं.

“आपून तोडीला जायच्या आदी काय व्हायचं?” तिनं विचारलं. “मुकादम म्होरं जायचा. उसाच्या फडाजवळ जागा बघायचा, पान्याचं बघायचा, ऱ्हायच्या कोप्यांसाठी बांबू टाकायचा. मंग मागून आपली टोळी निघायची. ह्या रोगाचंबी तसंच हाय. हे मशीन टोळीला पकडत न्हाई, आदी मुकादमालाच धरतं.”

“मुकादम घावला तर आमच्या ताब्यात द्या, ताई!” मागून कोणीतरी ओरडलं आणि सगळं समाजमंदिर खदखदून हसलं. तेव्हापासून यंत्राचं नाव पडलं मुकादम मशीन.

मे महिन्यात शीतलचं लग्न होतं. हळदीच्या दिवशी सकाळी द्वारका आपल्या घरात आहेराच्या साड्यांच्या घड्या लावत बसली होती. पाहुण्यांनी अंगण भरलं होतं, आचारी तेलासाठी ओरडत होता. अयोध्या आत आली आणि दार लोटून उभी राहिली.

“आक्का, एक सांगायचं व्हतं. परवापसनं डाग पडायलाय मला.”

“कसला डाग?”

“लालच. थोडाच हाय. पर पिशवी काढल्यापसनं आसं कधी झालं नव्हतं.”

द्वारकानं वर पाहिलंही नाही. “अगं, तुला पिशवीच न्हाई तर काय व्हतंय? उन्हातानाची पळायलीस चार दिस झाले. गरमी हाय ती. सब्जा भिजवून पी आन् त्या आचाऱ्याला तेल दे आदी, गाव डोक्यावर घेतलंय त्यानं.”

अयोध्या हसली, म्हणाली, “मला वाटलंच,” आणि तेल काढायला गेली. मुकादम मशीन तेव्हा त्याच खोलीत फळीवर होतं. एक थेंब रक्त आणि अकरा मिनिटं एवढंच लागलं असतं. ते फळीवरच राहिलं.

पुढच्या जानेवारीत जिल्ह्याचं पत्र आलं. द्वारका गिरणीत दळणाची वाट बघत होती, तिनं तिथंच टॅबवर वाचलं. ज्या स्त्रियांचं गर्भाशय काढलं आहे त्यांचीही तपासणी करावी. अशा अनेक शस्त्रक्रियांत गर्भाशय वरून कापलं असून त्याचं मुख तसंच ठेवलं आहे. त्यामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका कायम आहे.

तिनं ते पुन्हा वाचलं. गिरणीच्या घरघरीत तिला एकदम हळदीच्या दिवशीचं लोटलेलं दार दिसलं. दळण तिथंच टाकून ती घराकडे सुटली.

अयोध्या तुरीच्या शेंगा सोलत होती. “आक्का, आता माझ्यात काय राहिलंय तपासायला?” ती हसत म्हणाली आणि बोट पुढं केलं.

“ते डाग. पुन्हा पडलं व्हतं का?”

“मधूनमधून पडतंय की. तुमी गरमी म्हनल्या म्हनून मी मनावर न्हाई घेतलं. दोन म्हैन्यापसनं जरा जास्तच हाय.”

अकरा मिनिटांनी दिवा पिवळा लागला.

जिल्ह्याच्या कर्करोग केंद्रातल्या डॉक्टर नसीमा तांबोळी याच भागातल्या होत्या. शेतकऱ्याची मुलगी, बोलणं सरळ. त्यांनी तपासणी केली, तुकडा काढून पाहिला, स्कॅन केलं आणि चौथ्या दिवशी दोघी जावांना समोर बसवलं.

“पिशवीचं तोंड आतच राहिलंय आणि गाठ तिथंच आहे. छोटी आहे. स्कॅनमध्ये बाकी कुठं काही दिसत नाही. पण स्कॅनला मूठभर पेशी दिसत नसतात, म्हणून मला एक सांगा, अयोध्याबाई. पहिलं रक्त कधी दिसलं?”

अयोध्यानं द्वारकाकडे बघितलं. द्वारकाच्या गळ्यात सरकारी ओळखपत्र होतं आणि हातात तीच यादी होती, जिच्यात चूक सापडत नाही असं सगळे म्हणत.

“दोन म्हैनं झाले,” अयोध्या म्हणाली.

डॉक्टरांनी तारीख टाकली आणि मग खुर्ची पुढे ओढून सावकाश बोलू लागल्या. “मी हे का विचारते ते ऐका. आपल्याकडे आता एक इंजेक्शन आहे. पेशींचा सुटलेला डिंक ते परत चालू करतं. पेशी जागच्या जागी चिकटून राहतात, मग आपण ती गाठ तोंडासकट काढून टाकतो. बाई बरी होते. आजवर तुमच्यासारख्या चाळीसेक बायकांना दिलंय. रक्त दिसल्यापासून चार महिन्यांच्या आत दिलं तर फार छान गुण येतो. पण पेशी एकदा निघून गेलेल्या असल्या, तर हेच इंजेक्शन उलटं पडतं. सुट्या पेशी फिरत असतात तोवर त्यांतल्या बहुतेक वाटेतच मरतात, कारण त्यांना कुठं चिकटता येत नाही. इंजेक्शन दिलं तर त्या जिथं पोचल्या असतील तिथं चिकटतात आणि वाढतात. फुफ्फुसात असल्या तर फुफ्फुसात, हाडात असल्या तर हाडात. म्हणून उशीर झालेला असेल तर इंजेक्शन द्यायचंच नाही. मग पाच आठवडे विकिरण, म्हणजे किरणांचे शेक, सलाइनमधून औषधं, आणि निम्म्या बायका त्यातून वाचतात. तुमचं मशीन निरोप मोजतं, पण निरोप पेशी निघण्याआधीही जातात आणि निघाल्यावरही जात राहतात. म्हणून तारखेवर सगळं आहे. दोन महिने नक्की ना?”

खोलीत पंखा फिरत होता. हळद मेमध्ये होती. मे ते जानेवारी, आठ महिने. द्वारकाला ते बोटांवर मोजायचीही गरज नव्हती.

अयोध्यानं पुन्हा तिच्याकडे बघितलं. द्वारका टॅबवर काहीतरी वाचत असल्यासारखी खाली मान घालून बसली.

“व्हय,” अयोध्या म्हणाली. “दोनच.”

इंजेक्शन दोन दिवसांनी द्यायचं ठरलं. बाहेर बाकावर बसल्यावर अयोध्यानं नेहमीसारखं विचारलं, “काय म्हनल्या हो डाक्टरीण? नीट सांगा मला.”

आणि द्वारकानं तिला सांगितलं. मुकादम घावलाय, टोळी अजून गावातच हाय. हे इंजेक्शन दिलं की टोळीचे पाय जाग्यावरच चिकटतेत. मंग गाठ काढून टाकायची, चार टाके पडतील, आठ दिसांत घरी. सगळं तिनं नीट सांगितलं. टोळी आधीच निघालेली असली तर काय, ते तेवढं सांगितलं नाही.

तिनं मुद्दाम लपवलं म्हणणं सोपं आहे, पण माणसाचं मन एवढं सरळ नसतं. त्या दोन दिवसांत द्वारकानं स्वतःला शंभर गोष्टी सांगितल्या. हळदीच्या वेळचा डाग खरंच गरमीचा असेल. रोग दोन महिन्यांपूर्वीच सुरू झाला असेल. स्कॅन स्वच्छ आहे. विकिरणानं अयोध्याचे हाल होतील, ते कशाला? आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट होती, जी ती स्वतःलाही सांगत नव्हती. आठ महिने म्हटलं की डॉक्टर विचारणार, मग आशाताईला दाखवलं नाही का? आणि ग्यानोबा विचारणार, वहिनी, तुमाला म्हाईत व्हतं? दोन रात्री तिला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं अयोध्याचा हात धरला आणि नर्सनं इंजेक्शन दिलं.

त्यानंतरचे चार महिने चांगले गेले. आठवलं की काळजात कळ यावी इतके चांगले. गाठ काढली, टाके वाळले. अयोध्याच्या गालांवर मांस आलं. उन्हाळ्यात दोघींनी अंगणात कुरडया घातल्या, चीक शिजवताना अयोध्या तोडीवरचे किस्से सांगून हसवत होती. ग्यानोबानं द्वारकाला नवं लुगडं आणलं. “वहिनी, तुमच्यामुळं वाचली ही,” तो म्हणाला. द्वारकानं ते लुगडं पेटीत तळाला ठेवून दिलं, नेसली नाही.

जूनमध्ये अयोध्याची पाठ दुखू लागली. कुरडयांच्या वाकण्यानं असेल म्हणून तिनं आठ दिवस तेल चोळलं. मग खोकला आला. स्कॅनच्या पडद्यावर डॉक्टर नसीमांनी बोट ठेवलं तेव्हा त्यांचाही चेहरा उतरला होता. कण्याच्या तीन मणक्यांत आणि दोन्ही फुफ्फुसांत, ज्वारीच्या दाण्यांएवढे ठिपके होते. सगळे एकाच आकाराचे, एकाच दिवशी पेरल्यासारखे.

“असं व्हायला नको होतं,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “दोन महिन्यांत टोळी कशी निघाली?” टोळी हा शब्द आता त्याही वापरायला लागल्या होत्या.

आता वेदना कमी ठेवण्यापलीकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. शीतल नाशिकच्या सासरहून येऊन आईपाशी राहिली. द्वारका दोन्ही घरांचा स्वयंपाक करी, अयोध्याला उठवी, बसवी, अंग पुसून देई. कोणी तिच्या सेवेचं कौतुक केलं की ती उठून अंगणात जाई.

जुलैत टॅबवर सूचना आली. हे यंत्र प्रत्येक बाईच्या नोंदीवरून शिकत असे, आणि अर्धी पिशवी काढलेल्या बायकांच्या नोंदी राज्यात मोजक्याच होत्या. त्यांतल्या एकीला दोन महिन्यांतच रोग पसरला होता. यंत्रानं तिच्यावरून धडा घेतला. इंजेक्शनची मर्यादा चार महिन्यांवरून सहा आठवड्यांवर आणली गेली.

दोन दिवसांनी सकाळीच वरच्या वाडीची फुलाबाई द्वारकाच्या दारात आली. वय चव्वेचाळीस, पिवळा दिवा, अडीच महिन्यांपासून रक्त. तारीख तिनं अगदी खरी सांगितली होती.

“ताई, मला म्हनले इंजेक्शन न्हाई भेटायचं. पाच आठवडे ते शेक घ्यायचे, आन् त्यातबी निम्म्याच वाचत्यात म्हनं. अयोध्याला भेटलं, मग मला का न्हाई?”

द्वारका टॅबवर ती सूचना पुन्हा वाचत राहिली. फुलाबाई उंबऱ्यावर बसून राहिली, तिला वाटलं ताई काहीतरी विचार करतायत. तिला आधी पाणी, मग चहा देऊन द्वारकानं वाटेला लावलं आणि तिच्या मागोमाग निघणारी जिल्ह्याची एस.टी. धरली.

डॉक्टर नसीमांसमोर उभ्या उभ्या तिनं सगळं सांगितलं. फुली, हळद, सब्जा, आठ महिने, बाक. सांगून झाल्यावर ती वाट पाहत राहिली की आता या ओरडतील. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी अयोध्याची नोंद पडद्यावर उघडली. मग म्हणाल्या, “द्वारकाताई, मला तुमचा फार राग आलाय. पण तो नंतर. फुलाबाईसारख्या तिघी आहेत आता, तिघींचंही इंजेक्शन या एका तारखेमुळे अडलंय. तारीख आजच्या आज बदलायला हवी.”

“बदला की. मी सही देते.”

“तुमची नाही चालत. रुग्णानं स्वतः सांगितलेली तारीख रुग्णाच्या अंगठ्याशिवाय बदलत नाही. आणि अंगठा का हवाय ते तिला सांगितल्याशिवाय तो घ्यायचा नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.”

द्वारका गावात परतली तेव्हा दुपार होती. शीतल दुकानात गेलेली, ग्यानोबा रानात. अयोध्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. आडवं झालं की तिला दम लागे. द्वारका जमिनीवर बसली. टॅब मांडीवर ठेवला, उचलला, परत ठेवला.

“अयोध्या, मी तुला एक सांगितलं न्हाई.”

“काय?”

“इंजेक्शन घ्यायच्या आदी डाक्टरीण जे बोलली त्यातलं एक मी तुला सांगितलंच न्हाई. टोळी निघालेली असली तर ते इंजेक्शन द्यायचं नसतं. दिलं तर ती जिथं गेली असंल तिथं बसती. आन् तुझं रक्त हळदीपसनं व्हतं. मला म्हाईत व्हतं. मी बोलले न्हाई. माझी चूक बाहेर येईल म्हनून बोलले न्हाई. तुझं हे सारं माझ्यामुळं झालंय.”

अयोध्या तिच्याकडे पाहत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं. तेच द्वारकाला कळेना.

“ते मला ठाऊक व्हतं की,” अयोध्या म्हणाली.

“काय ठाऊक व्हतं?”

“टोळीचं. डाक्टरीण आपल्यासारखंच तर बोलती. मी ऐकत व्हते सारं. उलटं पडतं म्हनली, जिथं असंल तिथं चिकटतं म्हनली.” तिला खोकला आला. द्वारकानं पाण्याचा गडवा तोंडाला लावला. दोन घोट घेऊन ती पुढं म्हणाली, “मी दोनच म्हैनं म्हनले ते तुमच्यावर बोल नको यायला म्हनून. पर तिनं ते सांगितल्यावर मला भ्या वाटलं. म्हनून तुमच्याकडं बघितलं. म्हनलं, आक्का बोलतील आता. तुमी बोलल्या न्हाईत. मंग बाहेर बाकावर मुद्दाम इचारलं तुमाला. तुमी समदं सांगितलं आन् तेवढंच सांगितलं न्हाई. तवा मी म्हनलं, म्हंजी ते आपल्याला लागू नसंल. हळदीचं ते गरमीचंच असंल. लागू असतं तर आक्कानं सांगितलं नसतं व्हय?”

अठ्ठावीस वर्षं एका अंगणात काढलेली ही बाई, जिनं तिच्या हाती आपलं लेकरू सोपवलं होतं, ती तिच्या गप्प बसण्यावरही विश्वास ठेवून सुईखाली गेली होती.

“मला शिव्या दे,” द्वारका म्हणाली. “मार मला.”

“तेवढा जोर हाय का माझ्यात?” अयोध्यानं डोळे मिटले. मग डोळे न उघडताच तिनं विचारलं, “आज कशापायी सांगायल्या पर? एवढे दिस न्हाई सांगितलं ते?”

द्वारकानं फुलाबाईचं सांगितलं. आणखी दोघी असल्याचं सांगितलं. खोटी तारीख यंत्रानं खरी धरली आणि आता त्या तिघींना नाही म्हणतंय, हे सांगितलं. या वेळी तिनं काही गाळलं नाही. तारीख बदलली की द्वारकावर चौकशी बसेल, आशाताई म्हणून तिचं काम जाईल, हेही सांगितलं.

“फुलाबाई म्हंजी ती वाडीची? एका फडात व्हतो आमी दोन वर्सं,” अयोध्या म्हणाली. “लई गानी म्हनायची. आना अंगठा.”

“शीतलला काय सांगू?”

“खरं सांगा. तुमीच सांगा. दुसऱ्या कुनाच्या तोंडून कळू देऊ नका तिला.” मग ती म्हणाली, “ती लई रागवंल. येनार न्हाई तुमच्या दारात. ते सोसावं लागंल तुमाला.”

द्वारकानं मान हलवली. तिनं नवी तारीख घातली, टॅब खाटेवर धरला आणि अयोध्याचा अंगठा काचेवर टेकवला. टॅबनं तो घेतला नाही. बारा हंगाम कोयत्याच्या मुठीवर आणि उसाच्या पाचटात अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या होत्या, उरल्यासुरल्या आजारपणात सुकून गेल्या होत्या. दुसऱ्यांदाही नाही. द्वारकानं पदर ओला करून बोट पुसलं, फुंकर घालून वाळवलं, पुन्हा टेकवलं.

“दाबून धरा,” अयोध्या म्हणाली. “दुखत न्हाई मला.”

द्वारकानं दोन्ही हातांनी तो अंगठा धरून दाबला. पडद्यावर हिरवी खूण आली. ‘नोंद दुरुस्त झाली.’ खाली बारीक अक्षरांत ओळी उमटत गेल्या, मर्यादा पुन्हा चार महिने, प्रलंबित रुग्ण तीन, तिघींनाही इंजेक्शन मंजूर. द्वारकानं त्या शेवटपर्यंत वाचल्या आणि टॅब खाली ठेवला.

“झालं का?” अयोध्यानं विचारलं.

“झालं.”

“मंग आता रडा,” अयोध्या म्हणाली, आणि काटकुळ्या हातानं तिनं द्वारकाचं डोकं आपल्याकडे ओढून घेतलं.